सारखेपणाचा रकाना

प्रयोगवही करायची नसते, उतरवायची असते, हे त्या कॉलेजात पहिल्या महिन्यातच कळून जायचं. शहरातल्या कुणा हुशार मुलीची सहा वर्षांपूर्वीची मानसशास्त्राची वही वसंताच्या ताब्यात होती. वसंता म्हणजे बी. ए. तिसऱ्या वर्षाचा स्वयंघोषित कारभारी. तो ती वही एकेकाला दोन दिवस द्यायचा आणि दोन दिवसांत माणसाचे बारा प्रयोग उरकायचे. आकडे तेच, आलेख तोच, निष्कर्ष तोच. त्या मुलीनं सातव्या प्रयोगात एक बेरीज चुकवली होती, ती चूकसुद्धा दरवर्षी इमानेइतबारे उतरत आली होती. तीस वह्यांमधली तीस माणसं एकाच वेळी चुकायची, एकाच वेळी दमायची आणि एकाच आकड्याला शहाणी व्हायची. याला तिथं शास्त्र म्हणत.

कॉलेज तसं नवंच. भोकरदन तालुक्यात पत्र्याच्या पाच खोल्यांत निघालं आणि पुढं चार-पाच वर्षांत बंदही पडलं, त्यामुळं आता त्याचं नाव घेऊन कुणाचं भलं व्हायचं नाही. पाचव्या खोलीच्या दारावर ‘मानसशास्त्र प्रयोगशाळा’ अशी पाटी होती. आत एक कपाट, कपाटाला कुलूप आणि कुलपाची किल्ली शिपाई कचरूच्या करगोट्याला. कपाटातली उपकरणं कंपनीनं बांधून दिलेल्या सुतळीसकट तशीच होती. सुतळी सोडली तर वस्तू हरवतील आणि हरवल्या तर प्राचार्य आपल्यालाच धरतील, असं कचरूचं म्हणणं होतं.

विषय शिकवायला अण्णासाहेब सर. ते मूळचे तत्त्वज्ञानाचे. तत्त्वज्ञानाला पोरं मिळेनात तेव्हा संस्थेनं त्यांना मानसशास्त्र दिलं. शेजारचंच घर आहे, जा राहायला, अशा थाटात. सर गेले, पण त्या घरात त्यांचा जीव कधी रमला नाही. ते वर्गात स्वच्छ सांगायचे, "मन म्हणजे जाणणारा. जो जाणतो त्यालाच तागडीत कसं घालणार? मी काही हे मानत नाही. पण तुम्ही परीक्षेत लिहा." माणूस प्रामाणिक होता, फक्त त्याचा प्रामाणिकपणा वर्गाच्या दारापाशी संपायचा.

एकदा मात्र सर रंगात आले. पंच्याण्णव सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. विषय होता या शास्त्राचा जन्म. सर म्हणाले, जर्मनीत एक मोठा तत्त्वज्ञ होऊन गेला. त्यानं लिहून ठेवलं की मनाचं खरं शास्त्र कधी व्हायचं नाही, कारण मनाला गणित लागत नाही. त्याला पन्नास वर्षं होतात न होतात तोवर त्याच देशात, लाइपझिग नावाच्या गावी, शरीराचं शास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापकानं माणसांच्या हातात वजनं द्यायला सुरुवात केली. किती वजन वाढलं की हाताला फरक कळतो, एवढंच तो विचारायचा. त्याला आढळलं की फरक कळतो तो मूळ ओझ्याच्या ठरावीक हिश्श्यानं. चाळीस भार असले तर एक वाढल्यावर कळतं, ऐंशी असले तर दोन वाढावे लागतात. मग त्याच गावचा पदार्थविज्ञानाचा एक प्राध्यापक. सूर्याकडं बघून बघून डोळे बिघडवून घेतलेला, तीन वर्षं अंधाऱ्या खोलीत काढलेला, झाडांनाही आत्मा असतो असं मानणारा. एका ऑक्टोबरच्या सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या त्याच्या ध्यानात आलं की हा जेमतेम कळणारा फरक हाच मनाचा गज आहे, मोजा त्यानं. आणि अठराशे एकोणऐंशी साली तिथंच एका तिसऱ्या प्राध्यापकानं विद्यापीठाकडून एक खोली मिळवली, तिला प्रयोगशाळा म्हटलं, आणि तत्त्वज्ञानाच्या घरातून हे पोर वेगळं निघालं.

"ती वजनं उचलणारी माणसं कोण होती, सर?" मागच्या बाकावरून बेबीनंदानं विचारलं.

"विद्यार्थी असतील. नाहीतर स्वतः प्राध्यापक."

"म्हणजे ज्यांनी जन्मात ओझं उचललं नाही, ती."

वर्ग हसला. सरही हसले. बेबीनंदा मात्र हसली नाही, कारण ती थट्टा करत नव्हती.

बेबीनंदा वसंताच्याच वर्गातली, पिंपळगाव रेणुकाईच्या अलीकडच्या एका वस्तीवरून रोज एस. टी.नं यायची. घरात तिचे वडील आबाराव आणि दोन चुलते, तिघांची मेंढरं एका कळपात. कॉलेजात आलेली ती वस्तीवरची पहिलीच. आबारावांनी तिला पाठवलं ते अट घालून, आणि अट भावांच्या देखत घातली होती: एका दमात पास व्हायचं. एकदा का नापास झाली की शिक्षण बंद, मग आलेलं पहिलं बरं स्थळ. माणूस वाईट नव्हता. पण भावांच्या देखत बोललेला शब्द त्याला स्वतःपेक्षा मोठा वाटायचा. पोरगी अंगानं किडकिडीत आणि स्वभावानं तिखट होती. कुणी तिला उगीच ‘असंच असतं’ म्हटलं की तिच्या कपाळाची शीर उभी राहायची.

तर त्या दिवशी तास संपल्यावर ती वसंताकडं गेली नाही, अण्णासाहेबांकडं गेली. वजनाच्या डब्या घरी न्यायची परवानगी मागितली. सरांनी चिठ्ठी दिली. कचरूनं चिठ्ठी तीनदा वाचली, करगोट्याची किल्ली काढली आणि सुतळी सोडताना असा चेहरा केला की जणू त्याचीच पोर सासरी चालली होती. सात काळ्या डब्या, सगळ्या एकाच आकाराच्या, वजनं वेगवेगळी. अठ्ठ्याऐंशी ग्रॅमपासून चार-चारनं चढत एकशेबारापर्यंत, मधली शंभराची. शिवाय ताडून बघायला शंभराचीच आठवी.

बेबीनंदाला हे सुचलं ते तिच्या आईमुळं. आसराबाई वर्षातून दोनदा, मेंढरांची कातरण झाली की, लोकरीचे वाटे करायची. वस्तीवर तागडी नव्हती असं नाही, पण वाटे हातानंच करायचे ही त्या घरातली रीत होती, आणि ते काम थोरल्या सुनेचं. अंगणात घोंगडी अंथरून आसराबाई तीन ढीग घालायची. एकेक ढीग दोन्ही हातांवर उचलायची, खाली ठेवायची, एखादी मूठ इकडची तिकडं टाकायची. तिचं समाधान झालं की म्हणायची, "उचला." दोघा दिरांनी आधी उचलायचं, जिनं वाटे केले तिनं उरलेला घ्यायचा. मात्र ‘सारखे झाले’ हा शब्द तिच्या तोंडून कधीही निघायचा नाही. तिच्या सासूनं, वच्छलाबाईनं, एकदा म्हटला होता. "सारखे हायेत, उचला की," असं ती वैतागून बोलून गेली, आणि सारखे म्हणणारी तू कोण, यावरून त्या पिढीतले दोघे भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. आसराबाई त्या घरात लग्न होऊन आली ती त्या अबोल्यातच. तेव्हापासून तिनं तो शब्द तोंडातून हद्दपार केला होता.

डिसेंबरच्या सुट्टीत बेबीनंदानं आईला ओसरीवर बसवलं, डोळ्यांवर टॉवेल बांधला आणि प्रयोग सुरू केला. आधी शंभराची डबी हातावर ठेवायची, ती उचलून बघितली की काढून घ्यायची, मग दुसरी ठेवायची. दुसरी पहिलीपेक्षा जड, हलकी की सारखी, एवढंच सांगायचं. प्रत्येक डबी वीस वेळा, एकशेचाळीस जोड्या. दोन दुपारी त्यात गेल्या.

"ह्ये जड," आसराबाई म्हणायची. "ह्ये हलकं. ह्ये बी हलकं."

"माय, सारखं वाटलं तर सारखं म्हण."

"सारखं काई नसतंय बेबे. तू दे म्होरलं."

तिनं एकशेचाळीस वेळांत एकदाही सारखं म्हटलं नाही. शंभराला शंभर ठेवले तेव्हाही नाही. तेव्हा नऊ वेळा जड म्हणाली आणि अकरा वेळा हलकं. संध्याकाळी बेबीनंदानं आकडे मांडले, आलेख काढला आणि आलेखावरून निघालेला आकडा पुन्हा एकदा ताडून बघितला. आईच्या हाताला अडीच ग्रॅमचा फरक कळत होता. शंभराला अडीच म्हणजे चाळिसाला एक. लाइपझिगच्या प्राध्यापकानं दीडशे वर्षांपूर्वी मोजला तोच हिस्सा तिच्या ओसरीवर निघाला होता. वसंताच्या वहीत तो सहा ग्रॅम होता आणि वर्गातल्या बाकीच्या एकतीस वह्यांतल्या हातांना सहाच ग्रॅम कळत होते. बेबीनंदाला इतका आनंद झाला की तिनं उठून आईचे हात धरले, आणि आसराबाई म्हणाली, "सोड, कालवण करपंल."

वहीत जड, हलके आणि सारखे असे तीन रकाने होते. तिसरा रकाना तिनं कोरा ठेवला, कारण तो कोराच होता.

मार्चमध्ये प्रात्यक्षिक परीक्षा लागली. पन्नास गुणांची, वीसला पास, आणि यात नापास तर सगळ्यात नापास. बाहेरचे परीक्षक शहरातून आले. गोरे, गोल, बोलायला गोड. परीक्षेला ज्याच्यावर प्रयोग करायचा ते माणूस सोबत आणायचं असा नियम होता. बाकीच्यांनी पहिल्या वर्षाची पोरं धरून आणली होती. बेबीनंदानं आसराबाईला आणलं. ती व्हरांड्यात, नऊवारीचा पदर नीट घेऊन, भिंतीला टेकून बसली होती.

परीक्षकांनी बत्तीस वह्या तासाभरात चाळल्या. एकतीस वह्यांत तेच आकडे आणि तीच चुकलेली बेरीज. त्यावर त्यांनी एकतीस वेळा ‘चांगले’ असा शेरा मारला. बत्तिसावी उघडली आणि त्यांचा पेन थांबला.

"हा रकाना कोरा का?"

"त्यांनी सारखं म्हटलंच नाही, सर."

"एकशेचाळीस जोड्यांत एकदाही नाही? असं होत नसतं. पुस्तकात तीन प्रतिसाद दिलेत."

"मुभा दिलीय सर, सक्ती नाही."

परीक्षकांचा गोडवा जरा कमी झाला. "शंभराला शंभर ठेवल्यावर तुमची बाई जड म्हणते, हलकं म्हणते. हे चूक आहे, एवढं तरी कळतं ना?"

"चूकच मोजायची असते ना, सर?" बेबीनंदा म्हणाली. "डब्या सारख्या आहेत हे डब्यांबद्दल झालं. डब्यांची परीक्षा घ्यायची असती तर तराजू आणला असता. आपण हाताला काय लागलं ते विचारतोय. वीसपैकी नऊ वेळा जड आणि अकरा वेळा हलकं, म्हणजे हाताला तिथं कळत नव्हतं हे आकड्यातच दिसतंय. त्याला वेगळा रकाना कशाला पाहिजे?"

अण्णासाहेबांनी खुर्चीत चुळबुळ केली. खरं सांगायचं तर पाटी लागल्यापासून त्या खोलीत मानसशास्त्र बोललं गेलं ते तेव्हा पहिल्यांदा. परीक्षकांना ते कळलं नसेल असंही नाही. पण बत्तीस वह्यांत एकच खरी निघाली की बाकीच्या एकतीस काय आहेत हे सांगावं लागतं, आणि दुपारच्या जेवणाआधी एवढी कटकट कुणाला हवी असते?

"पेन्सिल घ्या," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "मधल्या ओळींत चार-चार, पाच-पाच प्रतिसाद सारख्यात टाका. दहा मिनिटांचं काम. मी पस्तीस देतो."

"बेबीनंदा," अण्णासाहेब हळूच म्हणाले, "टाक बेटा. एवढ्यातेवढ्यावरून वर्ष घालवू नये."

तिनं सरांकडं बघितलं. हेच सर वर्गात म्हणाले होते की मनाला माप नसतं. नसाल मानत, नका मानू, पण मग खोटं माप टाकायला तरी कसं सांगता, असं तिला विचारायचं होतं. तिनं विचारलं नाही. ती एवढंच म्हणाली, "समोर घेऊन बघा, सर. बाई बाहेरच बसल्यात."

आसराबाईला आत बोलावलं. कचरूनं आपल्या खांद्यावरचा टॉवेल तिच्या डोळ्यांवर बांधला. परीक्षकांनी स्वतः डब्या हाताळल्या. शंभर आणि एकशेचार. "जड." शंभर आणि शहाण्णव. "हलकं." दहा जोड्यांत तिचं एकही उत्तर चुकलं नाही. वसंतासकट सगळे दाराशी गोळा झाले होते. मग परीक्षकांनी शंभराला शंभर लावली.

"हलकं," आसराबाई म्हणाली.

"बाई, दोन्ही सारखे आहेत," परीक्षक म्हणाले आणि दाराकडं बघून हसले.

"मंग तुमाला ठावं व्हतं तं मला कशाला इचारून राह्यले, सायेब?"

दाराशी खसखस पिकली. परीक्षकांनी वही मिटली. "हे बघा, मला वाद नको. एक तर रकाना भरा, नाहीतर यांना सारखं म्हणायला सांगा, मी इथं नोंदवून घेतो. दोन्ही नसेल तर मी पास करू शकत नाही."

पास हा शब्द आसराबाईला कळला. तिनं डोळ्यांवरचा टॉवेल कपाळावर सरकवला आणि पोरीकडं बघितलं. नापास म्हणजे काय हे त्या खोलीत त्या दोघींएवढं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिनं टॉवेल पुन्हा खाली ओढला.

"द्या सायेब," ती म्हणाली. "म्हंते सारखं. पोरीचं काम व्हऊ द्या."

"माय, नको."

"तू गप. द्या सायेब."

परीक्षकांनी शंभराची डबी दिली, काढून घेतली, शंभराची दुसरी दिली. आसराबाईनं ती तळहातावर तोलली. बोटं मिटली, उघडली. तिचे ओठ हलले. आयुष्यभर टाळलेला शब्द ती लेकीसाठी तोंडात आणत होती आणि बेबीनंदाला ते बघवेना. तिला वाटलं, म्हण एकदाची, सुटू दोघी. आणि त्याच क्षणी असंही वाटलं की ही म्हणाली तर मी पुन्हा हिच्या डोळ्याला डोळा देऊ शकणार नाही.

आसराबाईनं डबी पुन्हा तोलली. मग ती हळूच टेबलावर ठेवली.

"ह्ये जड हाय, बेबे," ती म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "म्या लई बघितलं. मला न्हाई जमत."

बेबीनंदानं पुढं होऊन टॉवेल सोडला. मग पेन घेतला, पेन्सिल नव्हे, आणि वहीत निष्कर्षाखाली लिहिलं: ‘सदर व्यक्तीने सारखे असा प्रतिसाद एकदाही दिला नाही. सबब रकाना कोरा आहे. तो चुकून राहिलेला नाही.’ खाली सही केली, तारीख घातली आणि वही परीक्षकांसमोर सरकवली. तिला भीती वाटत होती आणि तितकाच रागही येत होता. त्या रागाच्या जोरावरच ती उभी होती.

पन्नासपैकी सतरा मिळाले. वसंताला एकेचाळीस. गुणपत्रकावर दोघा परीक्षकांच्या सह्या लागतात, एक बाहेरचा आणि एक कॉलेजातला. अण्णासाहेबांनी दुसरी सही केली.

जूनमध्ये निकाल लागला. दोन दिवसांनी आबाराव जेवताना एवढंच म्हणाले, "म्या भावायसमोर शब्द दिल्ता." बेबीनंदानं ऑक्टोबरच्या परीक्षेचा अर्ज आणून ठेवला होता. तो देव्हाऱ्यामागं तसाच पडून राहिला, कारण त्यावर सही करायला बाप तयार नव्हता आणि जालन्याकडचं एक स्थळ बघायला येणार असल्याचं कानावर येत होतं. आसराबाईनं एकदा भाकरी थापता थापता विचारलं, "तू माझ्यापायी नापास झालीस?"

"न्हाई माय. मी माझ्यापायी झाले."

आसराबाईनं भाकरी उलटली. ती त्या दिवसापासून काहीतरी मनात घोळवत होती, पण ते काय हे घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही. पुरुषांच्या तर नाहीच.

सप्टेंबरमध्ये कातरण झाली. लोकरीचा ढिगारा अंगणात पडला. घोंगडी अंथरली. तिघे भाऊ येऊन बसले. आसराबाई बाहेर आलीच नाही. आबारावांनी दोनदा हाक मारली. तिसऱ्या हाकेला ती दारात आली आणि चौकटीला धरून उभी राहिली.

"म्या वाटे करणार न्हाई."

"का? हात दुखून राह्यले का?" धाकटा दीर राधाकिसन म्हणाला.

"हात बराबर हायेत. ह्याच हातावर माझ्या पोरीनं शास्तर मांडलं, आन् ते खोटं हाय म्हणून तिला घरी बसवली तुमी. मंग हात बी खोटा. खोट्या हाताचे वाटे कशाला घेता?"

आबाराव चिडले, पण चिडून लोकर वाटली जात नाही. राधाकिसननं गावातल्या किराणा दुकानातून तागडी आणली. सकाळपासून दुपारपर्यंत तिघांनी लोकर तोलली. काटा मधोमध उभा राहिला. तीन वाटे तिळाएवढासुद्धा फरक न राहता सारखे झाले. आणि तरी राधाकिसनला वाटलं की आपल्यात कोकरांची मऊ लोकर कमी आली. मधल्याला वाटलं की आपल्यात मातीच जास्त आहे. आबारावांना वाटलं की थोरला म्हणून हे दोघे आपल्यालाच दाबतायत. तागडी म्हणत होती सारखं आहे, पण तिघांपैकी एकाच्याही मनाला ते सारखं लागेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोललं, तिसऱ्या दिवशी राधाकिसन तागडी आपटून उठला आणि वच्छलाबाईच्या वेळच्या अकरा वर्षांची आठवण सगळ्यांना एकदमच झाली. त्या दुपारी अंगणात कुणी जेवलं नाही.

आसराबाई पुन्हा दारात आली. "करते वाटे," ती म्हणाली. "पन बेबी आक्टोबरला बसंल."

"म्या भावायसमोर शब्द दिल्ता," आबाराव म्हणाले. आवाजात आता तेवढा जोर नव्हता.

"म्या बी भावायसमोरच सांगून राह्यले."

राधाकिसननं थोरल्या भावाकडं बघितलं. "सही कर की दादा," तो म्हणाला. "बिलकुल टोकाला नको न्हेऊ."

बेबीनंदा चुलीपाशी उभी राहून हे ऐकत होती. ती अर्ज घेऊन बाहेर आली तेव्हा तिच्या हातातला पेन उघडाच होता. आबारावांनी गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. मग आसराबाई घोंगडीवर बसली, तिन्ही ढीग एकत्र केले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

ऑक्टोबरच्या परीक्षेला सगळ्या मिळून चार मुलं होती. अण्णासाहेब आदल्या दिवशी भेटले तेव्हा म्हणाले होते, "नवी वही कर बेटा. वसंताची आहे माझ्याकडं." बेबीनंदानं तीच वही आणली. तीच पानं, तेच आकडे, तोच कोरा रकाना आणि त्याखाली मार्चमधली तारीख घातलेली तीच सही. जुन्या परीक्षकांचा लाल शेरासुद्धा तिनं झाकला नव्हता.

या वेळी परीक्षक दुसरे होते. कसे आहेत ते कुणालाच माहीत नव्हतं. कचरूनं फक्त एवढी बातमी आणली की चहा बिनसाखरेचा मागितला. माय-लेकी व्हरांड्यात बसून होत्या. आत दुसऱ्या कुणाची तरी तोंडी परीक्षा चालली होती.

"आन् ह्यो सायेब बी सारखं म्हन म्हनला तं?" आसराबाईनं विचारलं.

"तर मार्चला परत येऊ."

"आन् मार्चला बी तेच म्हनले तं?"

"तर पुढच्या आक्टोबरला येऊ, माय. मी काही तो भरणार न्हाई."

आसराबाईनं थोडा विचार केला. "मंग मला यस्टीचा पास काढून दे," ती म्हणाली. "दर खेपेला तिकिटाचा खर्चा कशाला."

तेवढ्यात कचरूनं दारातून बेबीनंदाचं नाव पुकारलं. ती वही घेऊन उठली, आईनं पदर सावरला, आणि दोघी बरोबरच आत गेल्या.